तपकिरी, जाड, अंगावर गडद ठिपके

आमची सोसायटी वर्तकनगरात, डोंगराच्या बाजूला. इथे साप निघतात आणि त्याचा एक नियम लहान मुलांनाही पाठ होता. लांब उभं राहायचं, नजर ठेवायची, सर्पमित्राला फोन करायचा. तो नियम मी मोडला, आणि तोसुद्धा स्वच्छ अक्षरात लिहून.

दुसऱ्या मजल्यावर एक तरुण जोडपं भाड्याने राहत होतं. एका रविवारी सकाळी त्यातला नवरा माझ्या दारात आला. मी सोसायटीची सेक्रेटरी, त्यामुळे माझ्याकडे कोणी सहज म्हणून येत नाही.

"काकू, आमचा पेट हरवलाय."

"मांजर का?"

"साप."

मी त्याला आत घेतलं आणि दार लावलं. साप आफ्रिकेतला, अजगराच्या जातीचा, तीनेक फुटांचा. काचेच्या पेटीचं झाकण नीट बसलं नव्हतं आणि तो बाथरूमच्या खिडकीतून पाइपावरून खाली उतरला असावा. विषारी अजिबात नाही, लाजाळू आहे, घाबरला की गोळा होऊन बसतो, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. वन खात्याला कळव म्हटलं तर खाली बघत म्हणाला, "कागद नाहीत काकू. आणि इथले लोक दिसल्या दिसल्या ठेचतील त्याला."

कागद नाहीत म्हटल्यावर मीही तो विषय सोडला. गेटसमोर सरकारी गाडी उभी राहायला नको, एवढंच डोक्यात होतं. त्याऐवजी मी फळ्यावर नोटीस लिहिली. माझी अर्धी नोकरी परिपत्रकं काढण्यात गेली आहे. थोडक्यात आणि मुद्देसूद लिहिण्याचा मला अभिमान होता. 'एका सभासदाच्या भाडेकरूंचा पाळीव साप हरवला आहे. रंग तपकिरी, अंग जाड, अंगावर गडद ठिपके. विषारी नाही. कोणीही मारू नये. दिसल्यास बादलीने झाकून सेक्रेटरींना कळवावे.'

जिने झाडायला विठ्ठलवाडीहून एक बाई यायची. वय चाळिशीच्या आसपास, कामाला चोख, तोंडाने फटकळ. तिला वाचायला वेळ लागायचा, म्हणून मीच तिला नोटीस वाचून दाखवली.

"साप हरवला म्हणून फळ्यावर लिहिता?" ती म्हणाली. "माझा नवरा हरवला तेव्हा कोणी खडूसुद्धा उचलला नाही."

"तो विषारी होता ना," मी म्हटलं.

"तेही खरंय, ताई." आणि ती हसत वरच्या जिन्याकडे गेली.

आठ-दहा दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, तिने पंपाच्या खोलीमागून हाक मारली. "ताई, तुमचा पाहुणा सापडला बघा."

मी पहिल्या मजल्याच्या गॅलरीत आले. पालापाचोळ्यात वेटोळं घालून बसला होता. तपकिरी, जाड, गडद ठिपके. नोटिशीतला शब्दन् शब्द जुळत होता.

"फुसफुसतोय किती. कुकरसारखा."

"घाबरलाय गं. बादलीत घाल, मी येतेच."

मी चपला घालून खाली पोचेपर्यंत तिला चावा बसला होता, उजव्या हाताला, अंगठ्याच्या मुळाशी. तरीही तिने त्याला झाडूने बादलीत लोटलं होतं आणि वर पाटी उपडी घातली होती. काम अर्धवट टाकायची तिला सवय नव्हती. मी तिचा हात नळाखाली धरला, डेटॉल लावलं, चहा दिला. दुसऱ्या मजल्यावर फोन केला. बायको घरूनच काम करायची. म्हणाली, मीटिंग संपली की येते. त्याला जवळजवळ पाऊण तास लागला.

त्या पाऊण तासात हात मनगटापर्यंत सुजला. ती म्हणाली, "ताई, आग होतेय." मी म्हटलं, "दात लागले की होते थोडी. विष नाहीये त्याला." मी खात्रीने बोलत होते. माझ्याकडे लेखी होतं.

ती मुलगी खाली आली, पाटी जराशी उचलून आत बघितलं आणि दोन पावलं मागे सरली. "काकू, हा आमचा नाही."

बादलीत होती ती घोणस.

रिक्षात तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, कधी चावला. मी वेळ सांगितली. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"इतका वेळ काय करत होता?"

"डेटॉल लावलं."

त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं.

ती वाचली. हात काळा पडत गेला आणि अंगठ्यासकट तीन बोटं काढावी लागली. त्या जोडप्याचा साप तिसऱ्या आठवड्यात मागच्या नाल्यात सापडला, धडधाकट. या वेळी सर्पमित्राला बोलावलं होतं. त्याने तो वन खात्याच्या ताब्यात दिला. महिनाअखेर जोडप्याने जागा सोडली. जाताना नवरा मला सॉरी म्हणाला. मी त्याला पत्ता दिला आणि तिला जाऊन सांग म्हटलं. तो गेला नाही.

मी गेले. विठ्ठलवाडीला तिची एक खोली आहे. भांड्याची दोन घरं तिच्या हातून गेली होती, तिथे दुसऱ्या बायका लागल्या होत्या. आमच्याकडची जागा मी बदली बाईवर कशीबशी राखून ठेवली होती आणि कमिटी रोज विचारत होती, किती दिवस.

"बदलीवालीला काढा," ती म्हणाली. "मी येते."

"ऐक, ती नोटीस माझी होती."

"माहितीये. म्हणून तर तुम्हाला सांगतेय, कमिटीला नाही."

मग उठून तिने झाडू घेतला. "बघून तरी घ्या." डाव्या हाताने ती कोपऱ्यातून झाडत आली. पण कचरा भरायला सुपडी धरावी लागते. उजव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांतून ती निसटली. तिने ती पायाने दाबून धरली, वाकली, तोल गेला, पुन्हा वाकली. मी मदतीला उठले तर तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. मी परत बसले. एवढीशी खोली, तिला वीस मिनिटं लागली. आमच्याकडे चार जिने आहेत, प्रत्येकी चार मजल्यांचे.

"सोमवारपासून ये," मी म्हणाले.