साखळीवर उचललेला वखर

आमच्या छोट्या ट्रॅक्टरचं इंजिन जाम झालं, तेव्हा तो भंगारात घालायचा असंच ठरलं होतं. पण ह्यांची नोकरी वाळूजच्या कंपनीत, मेंटेनन्सला. तिथं माल उचलणारी बॅटरीवरची एक जुनी गाडी निकालात निघाली. तिची मोटार आणि बॅटऱ्या ह्यांनी लिलावात घेतल्या, दोन महिने खटपट केली आणि ट्रॅक्टरला बसवल्या. विहिरीला लाईट आली की ट्रॅक्टरही चार्जिंगला लावायचा. हे कंपनीत गेले की रानात तो मीच चालवायची. धूर नाही, आवाज नाही. गंगापूरकडून येणारे-जाणारे लोक सायकली थांबवून बघायचे.

खोट एकच राहिली. पूर्वी इंजिनाच्या जोरावर मागचं औजार वर उचललं जायचं. इंजिन गेलं, तसं तेही गेलं. रानाच्या टोकाला वळायचं तर वखर जमिनीतून वर काढावा लागतो, नाहीतर त्याचं पातं वाकतं. म्हणून दर बांधाशी मी खाली उतरायची, पहार घालून वखर उचलायची, खिट्टी अडकवायची, ट्रॅक्टर वळवायची आणि पुन्हा उतरून खिट्टी काढायची. तिसऱ्या दिवशी कमरेत अशी कळ आली की तिथंच बांधावर आडवी झाले.

शेजारच्या रानातून चुलत सासरे आले. त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. "बैलं बरी व्हती, पोरी," ते म्हणाले. "बाईमाणसाचं काम नाय हे."

संध्याकाळी हे आल्या आल्या मी म्हणाले, "अहो, ट्रॅक्टर चालता केला, तसा वखर उचलता पण करा."

ह्यांनी विचार केला. "उचलायला तेलाचा पंप बसवला तर बॅटरी लई खाईल. जाड स्क्रू अन् छोटी मोटार लावली तर जमंल. पण तसला नट लेथवर कापावा लागतो. आमच्या कंपनीत तो हात एकाचाच."

तो म्हणजे लेथ चालवणारा ह्यांचा टर्नर मित्र. विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन तेव्हा जोरात होतं. तो मोर्चात पुढं असायचा, सत्याग्रहात तुरुंगातही जाऊन आलेला. त्याला बोलावणार हे तात्यांच्या कानावर गेलं, तसे ते दारात येऊन उभे राहिले. "त्याला वस्तीवर आणू नका. दिवस कसले चाललेत बघताय ना? लोक बोलतील."

"तात्या, मग वखर उचलायला रोज तुम्ही येता का?" मी विचारलं.

ते पाठ फिरवून निघून गेले.

टर्नर यायचा ठरला त्या रविवारी नेमका बंद निघाला. एसटी नाही, जीप नाही. तो येत नाही असं आम्ही धरून चाललो होतो. दुपारी पाहते तर हा सायकलवर, नळीला गोणपाटात गुंडाळलेले स्क्रू आणि दांडा बांधलेले, अंगभर धूळ.

"बंद आमचाच हाय, वहिनी," तो हसत म्हणाला. "सकाळी मोर्चा केला अन् निघालो."

मी पाणी आणलं. त्यानं उभ्या उभ्याच ओंजळ पुढं केली, वरून ओतून घ्यायला. मी तांब्या त्याच्या हातात दिला. क्षणभर त्यानं माझ्याकडे पाहिलं, तांब्या तोंडाला लावला आणि रिकामा करून म्हणाला, "अजून एक द्या."

दोघांनी ट्रॅक्टरच्या मागं स्क्रू उभा बसवला, वर मोटार, आणि स्क्रूवर वर-खाली सरकणाऱ्या नटापासून वखरापर्यंत लोखंडी दांडा. सीटजवळ बटण. दाबलं की वखर घरघरत वर. आम्ही टाळ्या पिटल्या. पण रानात नेऊन खाली सोडला, तर दांड्यानं वखर टणक मातीवर एवढा रेटला की ट्रॅक्टरचाच मागचा भाग उचलला गेला. चाकं जागेवर फिरली आणि दांडा वाकला.

दोघं डोक्याला हात लावून बसले. स्प्रिंग घालू, दांडा जाड करू, असं चाललं होतं. मी वाकलेल्या दांड्याकडे बघत होते. ही कसरत रोज माझेच हात करायचे. वखर वर घ्यायला जीव जायचा, खाली सोडायला कधीच नाही.

"जोर फक्त उचलायला लागतो," मी म्हणाले. "खाली जायला त्याचं वजन बास हाय. दांडा काढा अन् साखळी लावा. वर ओढंल, खाली ढिली पडंल."

टर्नर कपाळावर हात मारून हसायला लागला. "आन् मी पंधरा दिवस त्या दांड्याची मापं काढतोय!"

बैल विकले होते, त्यांची साखळी गोठ्यात पडून होती. तीच लावली. मी सीटवर बसले. वखर आपल्या वजनानं मातीत बसला, चढ आला तसा चढला, उतार आला तसा उतरला. बांध आला. बटण दाबलं, साखळी ताणली, वखर अलगद वर. मी वळले, बटण दाबलं, वखर पुन्हा मातीत. एकदाही न उतरता जवळजवळ अख्खं रान वखरून काढलं! मोठ्यानं ओरडावंसं वाटलं, आणि ओरडलेच.

शेवटचा फेरा मी टर्नरला दिला. तो सावकाश, एकदम सरळ गेला. उतरल्यावर बराच वेळ त्यानं बोटांनी माती चोळली. "आईनं जन्मभर दुसऱ्यांच्या रानात खुरपलं," तो म्हणाला. "आज घरी गेलो की तिला हे सांगतो."

तात्या बांधावर उभे राहून सगळं बघत होते. त्या दिवशी ते आमच्यात जेवायला बसले नाहीत. पण टर्नर सायकल काढायला लागला, तेव्हा घसा खाकरून त्यांनी त्याला विचारलं, "माझ्या बैलगाडीच्या बोल्टाचा आटा गेलाय. व्हईल का तुमच्यानं?"

"व्हईल की," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी येतो."

आणि आला. त्या रविवारी वस्तीवरच्या चार बायाही ट्रॅक्टर बघायला जमल्या होत्या. एकीनं पदर खोचला आणि म्हणाली, "मला बसू दे की गं." मी तिला सीटवर बसवलं, बटण दाखवलं आणि बाजूला झाले.