जुबेदाखाला आणि नजमाचे हात

मयताला हात लावण्याआधी जुबेदाखाला आपले तळवे एकमेकांवर घासून गरम करायची. "गार हात कुनाला आवडतो, बाई?" म्हणायची. सोनईतल्या मुसलमान घरांत बाई वारली की तिला शेवटची आंघोळ घालायला खालालाच बोलावत. मी तिची शेजारीण, कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारी.

एकदा तिनं मला विचारलं, मेल्यावर अंग ताठ का होतं? मी सांगितलं, स्नायूत डोळ्यांना न दिसणारे असंख्य बारके हात असतात. एकेक हात शेजारचा दोर धरून कणभर ओढतो, सोडतो, पुन्हा पुढं धरतो. काही सोडतात तेव्हा बाकीचे धरून असतात. सगळ्यांचं मिळून आपलं कोपर वाकतं. पण धरलेलं सोडायला प्रत्येकाला इंधन लागतं. श्वास थांबल्यावर काही तासांत ते संपतं आणि हात धरलेलेच राहतात.

खालानं आपली मूठ मिटून-उघडून बघितली. मग म्हणाली, "म्हंजी धरायला न्हाई, सोडायला जोर लागतो." पुढं कुणाचं अंग आखडलेलं असलं की ती घरच्यांना हेच समजावायची. कोमट पाणी ओतत, चोळत सांधा सैल करायची. कुणाला ओढाताण करू द्यायची नाही.

तिची एकुलती लेक नजमा लांबच्या गावी दिलेली होती. एका सकाळी सासरच्यांनी तिला टेम्पोतून आणली. झोपेत हृदय बंद पडलं म्हणाले. डॉक्टरचा कागदही होता. खालानं लेकीला स्वतःच धुतलं. नजमाचे दोन्ही हात कोपरात वाकून तोंडापुढं आलेले होते, मार चुकवताना येतात तसे. खाला ते प्रत्येकाला सांगत राहिली. दुपारी दफन उरकलं.

तिसऱ्या दिवशी ती मला नजमाच्या सासरगावच्या पोलीस ठाण्यात घेऊन गेली. झोपेत गेलेल्या माणसाचे हात असे नसतात, एवढंच मी सांगायचं होतं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, हात मरतानाच तसे होते, की मागाहून उचलताना, टेम्पोत ठेवताना तसे झाले, हे खात्रीनं सांगता येईल का? मला खोटं बोलता आलं असतं. मी नाही म्हणाले. त्यांनी वही मिटली.

बाहेर आल्यावर खाला म्हणाली, "तुमी खोटं बोल्ला न्हाई, बाई. पन माझी पोर बी खोटं बोलत न्हवती."

येताना एसटी जवळजवळ रिकामी होती. ती पुढच्या बाकावर एकटी बसली. सोनई येईपर्यंत मी तिची पाठ बघत होते.

त्यानंतर तिनं कुणाच्या मयताला जाणं सोडलं, माझ्या दारात येणंही. आमच्या दोन घरांत एकच भिंत होती. ती वारेपर्यंत, वर्षभर, त्या भिंतीपलीकडून मला तिचं खोकणं तेवढं ऐकू यायचं.