तिच्या पायाखालचा पत्रा

इस्माईल डेंटर गंज डोळ्यांनी शोधत नाही, कानाने शोधतो. माझी जुनी गाडी जॅकवर चढवून तो खाली सरकला आणि तळाच्या पत्र्यावर हातोडी वाजवत निघाला. चांगला पत्रा खणकतो, कुजलेला भद्द बोलतो. बायकोच्या सीटपुढे हात थांबला.

"काका, इथं मासळीची पिशवी ठेवायचात काय? खाऱ्या पाण्याचा गंज आहे हा."

खरं होतं. बाजारातून येताना ती पायाशी पिशवी ठेवायची आणि वासावरून मी तिला वाट्टेल ते बोलायचो. ती जाऊन वर्ष झालं. माणूस गेलं तरी त्याची खूण अशा जागी राहते, जिथे आपण वाकून बघत नाही. या बाबाने वाकून बघितलं.

चांगला पत्रा लागेस्तोवर त्याने कापलं. वरून लांबीची पुट्टी थापून फसवलं नाही. नवा तुकडा असा बसवला की बोटाला सांधा लागेना. अशा हाताला नमस्कारच करावा.

मग ड्रिल उचलून म्हणाला, "पाणी जायला भोक ठेवतो. काकूंना सांगा, आता खुशाल मासळी आणा."

"ठेव," मी म्हटलं.