यान्बूला उतरलेलं कार्टन

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर गैरसमज नको. मी मुसलमान घरातला, त्यामुळे जिन असतात हे लहानपणीच शिकवलेलं आहे आणि मी ते नाकारत नाही. पण असणं वेगळं आणि येऊन आपल्या कामात लुडबुड करणं वेगळं. आमच्या श्रीवर्धनकडे कुणाला विहिरीवर काय दिसलं, कुणाच्या होडीत कोण येऊन बसलं अशा गोष्टी सुरू झाल्या की मी चहा टाकायला उठायचो. माझा प्रश्न ठरलेला — त्या माणसाला ताप होता का, ते आधी विचारा.

या ग्रुपवरचे अनुभव वाचतानाही मी हेच करतो. शेवटी मुलगी वैतागली. "पप्पा, लोकांच्या चुका काय काढता? तुमचा तो कार्टनवाला किस्सा लिहा ना. त्यातली चूक काढून दाखवा."

म्हणून लिहितोय...

साल २००४. जेद्दाच्या अल अझीझिया भागातल्या एका खाजगी कॉलेजात मी स्टुडंट अफेअर्सचं काम बघायचो. म्हणजे बसची व्यवस्था, हॉल, ओळखपत्रं, खेळाचं सामान. शर्टाच्या खिशात कायम एक यादी. बायको म्हणते, निकाहच्या दिवशीही होती. होती, आणि म्हणूनच त्या दिवशी बिर्याणी कमी पडली नाही.

आमच्या कॉलेजचं स्टोअर सांभाळायचे दाऊदचाचा. आमच्याच तालुक्यातले, तरुणपणी मालवाहू गलबतांवर खलाशी, नंतरचं सगळं आयुष्य सौदीत. पोरांच्या जर्सी धुणं, इस्त्री करणं, घड्या घालणं हे त्यांचं काम. पण जेद्दातल्या कोकणी लोकांत त्यांचं नाव होतं ते गाठीसाठी. गल्फमधून सुट्टीवर जाणारा माणूस म्हणजे दोरीने करकचून बांधलेलं कार्टन, हे तुम्ही विमानतळावर पाहिलं असेलच. केळ्यांची कार्टन सगळ्यात मजबूत, म्हणून सगळे तीच मागून आणायचे आणि बांधायला चाचांकडे यायचे. चपटी, चार पाकळ्यांची गाठ. ओढाल तितकी आवळणार. ती सोडायची कशी हे फक्त त्यांनाच ठाऊक. बाकीचे सरळ दोरी कापायचे.

आता फुटबॉलचं. इतकी वर्षं आमची मुलं कॉलेजातच आपापसात खेळत होती. त्या वर्षी पहिल्यांदा आम्ही आंतरकॉलेज लीगमध्ये उतरलो. डीनसाहेबांना ते मुळीच पसंत नव्हतं. मी तीनदा त्यांच्या केबिनमध्ये जाऊन बसलो, तेव्हा कुठे म्हणाले, "एक वर्ष बघू. हरलात तरी चालेल. पण पोचायला उशीर झाला, सामान विसरलं, मॅच न खेळताच सोडली असलं काही झालं, तर खलास. त्याच दिवशी टीम बंद."

"मुश्ताक असताना सामान विसरणार नाही, सर," मी म्हणालो. हे वाक्य लक्षात ठेवा.

पहिलीच मॅच बाहेरगावी निघाली, चार तासांवरच्या यान्बूला. आणि नेमकं त्याच्या आधीच्या आठवड्यात चाचांचं फायनल एक्झिट आलं. फायनल एक्झिट म्हणजे कायमचं घरी. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपलेला, थांबायची सोय नाही.

"बघ रं मुश्ताक," जर्सींवर इस्त्री फिरवता फिरवता ते म्हणाले, "इतकी वर्षां ह्यांचे घामाचे कपडे धुतले. आनि खरी मॅच आली तर मी गावात माश्या मारत बसनार."

"चाचा, घरी नातवंडं वाट बघतायत. मॅचचं काय घेऊन बसलात?"

"नातवंडां हायतच. पन हीबी पोरांच ना माजी?"

त्यांनी हिरव्या जर्सी केळ्यांच्या कार्टनमध्ये भरल्या, दोरी बांधली, गाठ मारली. कार्टनच्या बाजूला मी मार्करने 'फुटबॉल' असं ठसठशीत लिहिलं. मुलं त्यांना 'अम्म दाऊद', म्हणजे दाऊदकाका म्हणायची. कॅप्टन फैसल — आडदांड, दाढी नुकती फुटलेला, टीममधला सगळ्यात गडबड्या — विमानतळावर त्यांच्या गळ्यात पडून रडला. तिथे चाचांचं स्वतःचं एक कार्टन वजनात जास्त भरलं. मी ते परत आणून स्टोअरमध्ये ठेवलं. पुढच्या महिन्यात गावाकडे जाणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवायचं होतं.

आता तुम्हाला चूक कळली असेल. मला तेव्हा कळली नाही.

मॅचच्या दिवशी सकाळी बस आली. मी स्टोअर उघडलं, भिंतीला लागून चाचांची गाठ दिसली, कार्टन उचललं आणि बसच्या खालच्या डिकीत ठेवलं. इतकी वर्षं स्टोअरमध्ये त्या गाठीचं एकच कार्टन असायचं. वाचायची गरजच काय? यादीत 'कार्टन – एक' समोर टिक मारली. डिकीत दुसरं काही नव्हतं, सांगून ठेवतो. मुलांच्या बॅगा त्यांच्या मांडीवर होत्या.

वाटेत राबिगला जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजसाठी आणि जेवणासाठी थांबलो. नमाज झाली, कब्सा, म्हणजे तिकडचा मटण-भात मागवला. कोच अशरफ इजिप्तचे. त्यांना प्रत्येक गोष्टीचा सोहळा करायची हौस. म्हणाले, "मुलांना जर्सी इथेच देऊ. पहिली मॅच आहे. कॅप्टनला मी स्वतःच्या हाताने घालणार."

कार्टन आणलं. गाठ कुणाला सुटेना, म्हणून मी सुरीने दोरी कापली आणि कापलेली दोरी गुंडाळून खिशात टाकली. दोरी फेकायची नाही, ही आमच्या आईची शिकवण. झाकण उघडलं.

वर एक गुलाबी फुलांचं ब्लँकेट. त्याखाली साबण. त्याखाली संत्र्याच्या सरबताच्या पावडरीचे डबे, दोन रांगांत घट्ट बसवलेले. आणि बाजूला चाचांच्या वळणदार अक्षरात त्यांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा...

मग फैसल ते ब्लँकेट अंगावर घेऊन उभा राहिला. "मिस्टर मुश्ताक, गोलकीपरला हे. चेंडू आत जाणारच नाही."

सगळे हसले. मी नाही. मला डीनसाहेबांची केबिन दिसत होती.

लगेच जेद्दाला फोन लावला. गेटवर कुट्टी होता, आमचा मल्याळी वॉचमन. त्याला स्टोअरमध्ये पाठवलं.

"साब, इधरीच है. फुटबॉल लिखा है. मैं हाथ रख के बोल रहा हूँ."

"अंदर क्या है?"

"फट में से हरा-हरा दिख रहा है, साब."

"टॅक्सी में डालो और यान्बू भेजो. अभी."

मनात हिशोब केला. टॅक्सी लगेच मिळाली तरी पूर्वार्ध संपल्यावरच पोचली असती. यान्बूत जर्सी विकत घ्याव्यात तर दुकानं दुपारी बंद होतात ती थेट असरनंतर, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजनंतर उघडतात, आणि मॅच असरला लागूनच. अशरफ माझ्याकडे बघून म्हणाले, "मालिश." म्हणजे जाऊ दे, होतं असं. हा शब्द मला अठरा वर्षांत कधी आवडला नाही.

निघताना मी कार्टनला टेप लावली. तेवढ्यात फैसल आला. "मिस्टर मुश्ताक, एक डबा घेऊ? हरायचंच आहे तर निदान सरबत पिऊन हरू. अम्म दाऊद नाही म्हणणार नाहीत."

"घे," मी म्हणालो. "मी त्यांना नवा घेऊन देईन."

त्याने डबा काढला. रांगेत त्या जागी गोल खड्डा पडला. मी पुन्हा टेप लावली, कार्टन डिकीत ठेवलं, ड्रायव्हरने कुलूप घातलं. फैसलने बसमधल्या पाण्याच्या जारमध्ये अर्धा डबा ओतला. गोड इतकं की दात दुखावेत. पण मुलं खूष झाली, गाणी म्हणायला लागली. डावीकडे समुद्र मधूनच दिसायचा. मी खिडकीशी बसून डीनसाहेबांना काय सांगायचं याची यादी करत होतो. दोनच मुद्दे झाले, दोन्ही खोटे. कागद फाडला.

मध्ये कुट्टीचा फोन आला. "साब, टॅक्सी नहीं मिल रहा. सब नमाज, फिर सब खाना. मैं कार्टन गेट पे ले के बैठा हूँ."

"ध्यान रखना."

"साब, मैं उसके ऊपर ही बैठा हूँ."

यान्बूचं मैदान छान होतं. खरं गवत, समुद्राचा वारा. रेफरीने ऐकून घेतलं आणि मान हलवली. नंबर घातलेल्या सारख्या जर्सी नाहीत तर मॅच नाही. "असरची नमाज होईपर्यंत थांबतो. नंतर समोरच्या टीमला विजय देईन."

मुलं वजू करायला, म्हणजे नमाजआधी हातपाय धुवायला गेली. फैसल मागे राहिला. आता तो विनोद करत नव्हता. "माझं शेवटचं वर्ष आहे," एवढंच म्हणाला आणि गेला.

मी ठरवलं, बनियनांवर टेपने नंबर चिकटवू. रेफरी नाही म्हणेल, पण हात बांधून बसणं मला जमत नाही. टेप मी कार्टनशेजारीच ठेवली होती. ड्रायव्हरने डिकीचं कुलूप काढलं.

टेपची गुंडाळी होती. कार्टनही होतं. पण कार्टनवर टेप नव्हती.

दोरी होती. अख्खी, न कापलेली. वर चार पाकळ्यांची गाठ.

पहिल्यांदा मी काय केलं असेल? खिशात हात घातला. कापलेली दोरी खिशातच होती. मग कार्टन फिरवलं. बाजूला माझ्याच अक्षरात — 'फुटबॉल'.

भीती वाटली का, असं सगळे विचारतात. खरं सांगू, वेळच नव्हता. "कापा!" मी ओरडलो, ड्रायव्हरने चाकू दिला, आणि आत हिरव्या जर्सी, चाचांच्या घड्या, बाह्या आत दुमडलेल्या. नमाजहून परतलेली मुलं बघतच राहिली. अशरफनी माझा चेहरा पाहिला, 'सुब्हानअल्लाह' म्हणाले आणि लगेच फैसलच्या डोक्यावरून जर्सी घातली. त्यांचा सोहळा त्यांनी सोडला नाही.

मुलं धावत सुटल्यावर मी फोन लावला.

"कुट्टी, कार्टन कहाँ है?"

"मेरे नीचे, साब."

"उठो. साइड में क्या लिखा है?"

कार्टन फरशीवर फिरवल्याचा आवाज आला. "साब... इसमें तो दाऊदचाचा का नाम है. मैं कसम खा के—"

"दोरी?"

"बंधी है, साब. गांठ है."

"काटो. अंदर देखो."

ब्लँकेट. साबण. डब्यांच्या दोन रांगा. "साब, एक डब्बा का जगह खाली है," कुट्टी म्हणाला. "लेकिन गांठ तो बंद था... निकाला कौन?"

तो डबा बसमध्ये माझ्या सीटखाली होता. अर्धा.

मॅच आम्ही दोन-एकने हरलो. तो एक गोल फैसलचा, आणि त्यानंतर तो जसा नाचला ते पाहून कुणाला वाटलं असतं कप जिंकला. परतताना उरलेला अर्धा डबाही संपला. त्यानंतर डीनसाहेबांनी टीमचा विषय काढला नाही, म्हणजे टीम राहिली. पुढे बरीच वर्षं ती खेळली.

आता तुमच्या डोक्यात जे येतंय ते सगळं मी तपासलं आहे. दोन्ही कार्टन बसमध्येच होती? मग कुट्टी कशावर बसला होता? कुट्टीने वाचण्यात चूक केली? मग फटीतून हिरवं काय दिसलं? आणि राबिगला ते ब्लँकेट तर अख्ख्या टीमने फैसलच्या अंगावर पाहिलं. मुलांनी थट्टा केली म्हणावं तर ती गाठ कुणाला मारता येत होती? ज्यांना येत होती ते समुद्रापलीकडे होते.

दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर, चाचांना गावी फोन केला. डबा फोडल्याचं सांगायला हवं होतं. तसं न सांगता ते कार्टन पाठवणं मला पटत नव्हतं.

"चाचा, सलाम. एक गोष्ट सांगायची होती—"

"पोरां हरली ना रं?"

"हरली. दोन-एक. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"एक केला ना पन! फैसलनी केला आसंल."

"हो... चाचा, तुमच्या कार्टनमधला—"

"डबा ना? बरा केलास. लई ग्वाड केला पन त्या येड्यानी, पानी कमी घातलान."

मागून चाचींचा आवाज आला, "काल जेवून पडले ते उठता उठेनात. हाका मारून दमले मी. उठले नि म्हनतात, हात दुखतायत!"

"चाचा," मी विचारलं, "काल दुपारी तुम्ही..."

"गाठ माजीच होती ना?"

"तुमचीच."

"मग झाला. तुजी मुलगी कशी हाय? अभ्यास करते का?"

त्यानंतर मी सुट्टीवर गेलो की दरवेळी विषय काढायचो आणि दरवेळी ते मुलीच्या अभ्यासावर न्यायचे. रिकाम्या जागी नवा डबा भरून मी ते कार्टन पाठवलं. बांधलं मात्र साध्या गाठीने. आता मी श्रीवर्धनलाच असतो. राबिगला कापलेली ती दोरी आमच्या अंगणातल्या मोगऱ्याच्या वेलाला बांधली आहे. चाचा संध्याकाळी काठी टेकत येतात, तिच्याकडे बघतात आणि दरवेळी म्हणतात, "गाठ चुकीची मारलीस."

मुलीला मी सांगितलं, नाही सापडली चूक. यादीही पुन्हा आठवून पाहिली. 'कार्टन – एक.' बरोबरच होतं. जेद्दाला एकच चढवलं, यान्बूला एकच उतरवलं. मधल्या रस्त्याचं मात्र मला विचारू नका.