शनिवारची लोकर

इंग्लंडात मी बड्या जमीनदारांबरोबर शिकारीला गेलोय. म्हणजे बंदूक त्यांच्या हातात, नि मी समोरच्या झाडीत काठी आपटत पाखरं उठवायला. आपल्याकडं संस्थानात हाका घालायला गडी न्यायचे ना, तेच. माझा आजा तेच करायचा. त्याला निदान विमानाचं तिकीट काढावं लागलं नाही.

दोन हजार चार-पाच साल असेल. मी लंडनच्या कडेला हाउन्सलोला मावशींच्या, म्हणजे घरमालकिणीच्या, घरात वरची बॉक्स-रूम, अडगळीएवढी खोली, भाड्यानं घेतली होती नि विमानतळावर कार्गोत खोकी चढवत होतो. मावशींची एक खोड. माणूस समोर आला की त्याच्या कॉलरीत दोन बोटं घालून आतले थर चाचपायच्या नि म्हणायच्या, "अंगाला लोकर, वाऱ्याला दार." तुमच्याही ओळखीत असेल अशी एखादी, पाहुण्याला पाण्याआधी स्वेटर देणारी.

हिवाळ्यातल्या दर शनिवारी त्या शिकारीवर हाका घालायला जायच्या. विमानतळावरच्या त्यांच्या जुन्या मैत्रिणीची व्हॅन यायची. तेव्हाचं त्यांचं ध्यान बघण्यासारखं. अंगालगत पातळ लोकरी बनियन, त्यावर सैल स्वेटर, त्यावर बिनबाह्यांचा दुसरा, नि सगळ्यांवर चॅरिटी शॉपमधला, कुणीतरी दान केलेला, पुरुषी ट्वीडचा कोट, घट्ट विणीचा. तो कोट म्हणजे वाऱ्याचं दार. उभ्या राहिल्या की लग्नघरातली गाद्यांची चळत.

"सैल घालावं रे," म्हणायच्या. "ऊब हवेत असते. लोकर नुसती तिला धरून बसते."

ही कपड्यांची हौस नव्हती बरं का. खालच्या खोलीत काका, मावशींचे मालक, अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले. त्यांना उठवायचं, बसवायचं, भरवायचं, पुसायचं. सोमवार ते शुक्रवार मावशींचा पाय उंबऱ्याबाहेर पडायचा तो कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायला. शनिवारी लंडनातल्याच पिनरहून नणंद यायची, तीही भावानं फोन केला तरच. नि काकांनी अट घातलेली.

"एकदा जरी शिंकलीस, तरी शनिवार बंद. तू पडलीस तर मला कोण उचलणार?"

त्यांचंही खोटं नव्हतं. अर्धं अंग गेलं होतं, पण कान मांजराचे. पडल्या पडल्या अख्खं घर ऐकायचे. मावशींना शिंक आली की त्या मागच्या दारानं गार्डनमध्ये धावायच्या, शाल तोंडात कोंबायच्या, नि डोळे पुसत आत यायच्या. घरात बोलायच्या तेही कुजबुजत.

झाडीत मात्र त्यांचा आवाज ऐकावा! फेझंट म्हणजे लांब शेपटीचा कोंबडाच, जड नि आळशी. मावशी काठी आपटत ओरडायच्या, "ऊठ मुडद्या, ऊठ! दिवसभर लोळतोस! पाय मोडलेत का तुझे?" गोऱ्यांना वाटायचं, इंडियाचा काहीतरी मंत्र आहे. नेमकं कुणाला म्हणतात, ते मी कधी विचारलं नाही.

मी पहिल्यांदा गेलो तो चकचकीत नायलॉनच्या जॅकेटात. मावशींनी कॉलरीत बोटं घातली नि विंचू चावल्यासारखी बाहेर काढली.

"आत सुती बनियन?"

"मावशी, बनियनशिवाय मला नागडं वाटतं."

"सुती कापड घाम पितं नि मग अंगावर बर्फ होऊन बसतं. नि हे वरचं केवढं सळसळतंय! लोकर गप्प असते, म्हणून शिकारीला लोकर."

"मी साताऱ्याचा आहे मावशी. आम्हाला नाही थंडी वाजत."

सकाळी चढ चढताना घाम फुटला. मग आम्हा दोघांना शेताच्या कोपऱ्यात उभं केलं, पाखरं तिकडनं निसटू नयेत म्हणून. हलायचं नाही, बोलायचं नाही, काठी तेवढी हळू टकटकायची. मागं काटेरी झुडपं, पुढं बंदुका. वारा आला नि माझ्या पाठीवर ओलं फडकं गोठायला लागलं. पळावं तर कुठं? सातारा फार लांब होता. दात काठीपेक्षा जोरात वाजायला लागले.

"मावशी, एक स्वेटर द्या."

"नाही."

"अहो, तुमच्या अंगावर अख्खं दुकान आहे!"

"दुकान नाही, माझा शनिवार आहे. नाही देणार. बनियन काढ नि जॅकेटात वाळलेलं गवत भर."

काढलं. जॅकेट वाऱ्यावर असं फडफडलं की झाडीतली सगळी पाखरं एकदम उठली नि भलतीकडंच गेली. एकही बंदूक वाजली नाही. तिथला रखवालदार लालबुंद होऊन धावत आला. मी उघडा, बनियन छातीशी धरलेलं, न्हाणीघराचं दार कुणी ढकलावं तसा. त्यानं मावशींना विचारलं, हा कोण?

"माहीत नाही," मावशी इंग्रजीत म्हणाल्या.

रविवारी सकाळी मी पलंगावर शिंकलो. घर पुठ्ठ्याचं. खालून काकांची आरोळी आली, "शिंकली! ऐकलं मी! शनिवार बंद!"

मी तसाच खाली पळालो. मावशी दारात पेजेची वाटी घेऊन उभ्या.

"काका, मी शिंकलो."

"तू तिची बाजू घेतोस."

"आईशप्पथ!"

"मग शिंकून दाखव."

आता शिंक काय, बोलावली की येणारी बया आहे? दिव्याकडं बघितलं, नाक चोळलं, तोंड वासून उभा राहिलो. काही नाही. जन्मात एक काम माझ्यावर पडलं होतं, तेही नाकाचं, नि ते जमेना. मावशी आत गेल्या, मिरपूड आणली नि माझ्या नाकाखाली फुंकली. मग अशी शिंक आली की काकांच्या गोळ्यांच्या बाटल्या आडव्या झाल्या.

काका डोळे मिटून ऐकत होते, गाणं ऐकावं तसे. "हीच," ते म्हणाले. "हीच ती." मग डोळे उघडले. "आज सोडतो. पण ह्या घरात पुन्हा शिंक ऐकली, कुणाचीही असो, तर शनिवार बंद."

संध्याकाळी मावशी जिना चढून माझ्या खोलीत आल्या, हातात काढ्याचा पेला. माझी छाती फुगली.

"आभार कशाला मावशी," मी म्हटलं. "माणसानं माणसाच्या उपयोगी पडावं."

मी काढा संपवेपर्यंत त्या उभ्या राहिल्या. पेला घेतला, आतून बघितला, थेंब राहिला नाही ना.

"पोरगा चांगला आहेस तू," त्या कुजबुजल्या. "पण शिंकतोस. शुक्रवारच्या आत खोली रिकामी कर."