फुटका डोंगा आणि भरलेली टोपली

ओल्या जाळ्याचा वास आला की आरमोरीकडचा तो तलाव आठवतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी तिथे मासेमारीच्या डोंग्यांची नोंद करत होतो. एका म्हाताऱ्याचा डोंगा खडकावर फुटलेला. त्याच्या नावापुढे मी ‘विनाविमा’ लिहिलं. “म्हंजे काय जी?” “नुकसान भरून देणारं कोणी नाही.” तेवढ्यात बाकीच्यांचे डोंगे काठाला लागले आणि उतरणारा प्रत्येकजण म्हाताऱ्याच्या टोपलीत मूठभर मासे टाकत गेला. नवा डोंगा होईपर्यंत सगळ्यांनी असा वाटा द्यायचा, ही तिथली रीत. म्हातारा खदखदून हसला, “मंग हे कोन देऊन राह्यले?” मी शब्द खोडला, तर त्यानं दोन मासे माझ्याच पिशवीत टाकले. “तुमचं काई फुटलं त इथी या.” आजवर चार पॉलिसी काढल्या, पण बारीक अक्षरं न वाचता विश्वास ठेवला, तो म्हाताऱ्याच्या त्या तोंडी पॉलिसीवरच.