लूमच्या खुणांवर फुटबॉल

आता माझं शहाणपण ऐका, फक्त चहा सांडू नका. गल्लीत केबल नुकतीच आली होती, तेव्हाची गोष्ट. सुरतेत आसपासच्या क्लबांचा फुटबॉलचा कप असायचा. एक मॅच हरली की थेट घरी. आमची गोडादऱ्याची टीम, सगळे कापड विणायच्या लूमच्या एकाच कारखान्यातले खान्देशी, आणि तीन वर्षं पहिल्याच मॅचला घरी. चौथ्या वर्षी मी कॅप्टन झालो आणि चारचौघांत बोलून बसलो, "यंदा कप नाही आणला तर कॅप्टनकी सोडली."

मग डोकं चालवलं. लूमच्या खडखडाटात कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून आम्ही हातांनी बोलतो. डावं मशीन बघ, उजवं थांबव, चहा आला, सगळ्याला खूण. म्हटलं, मैदानातही हेच करू, कोणाच्या बापाला कळणार नाही. पहिल्या मॅचला कॉलेजची पोरं होती. त्यांना वाटलं आम्ही माश्या हाकतोय. त्यांना तीन गोलनी हरवलं. मग काय, माझे पाय जमिनीवर कुठले?

दुसरी मॅच कामरेजच्या टीमशी. अंगावर कोरे टी-शर्ट. मी समजलो, शेतीवाल्या मोठ्या घरची पोरं. मी 'डावीकडे' खूण केली, तर डावीकडे त्यांचे दोघे आधीच हजर. 'उजवीकडे' केली, तिथेही तेच. हाफटाइमला मी आमच्या गोलकीपरला, भावलालला धरलं.

"तुझी बहीण कामरेजला दिलीय ना? तूच फोडलंस."

"आप्पा, देवनी आन, मी कोनले काईच सांगं नही," म्हणाला आणि तोंड फुगवून बसला.

शेवटची दोन मिनिटं. गोल कोणाचाच नाही. त्यांचा एक जण बॉल घेऊन सरळ माझ्यावर आला आणि पळता पळता त्यानं नाकाखाली बोट फिरवलं, मिशीसारखं. कुठल्याही लूमवर याचा अर्थ एकच, मुकादम मागे उभा आहे.

आणि मी मागे वळलो हो. हात पाठीशी, मान खाली. पुन्हा वळेपर्यंत बॉल जाळीत होता.

तो पोरगा हसत आला. "काका, अमे पण लूमना ज माणस." म्हणजे तेही लूमवालेच.

रिक्षात मी भावलालची माफी मागितली, कॅप्टनकीही त्यालाच दिली. मग हळूच म्हणाला, "आप्पा, एक समजनं नही. मुकादम उना म्हनीसन तुम्ही घाबरनात. पन दिवाईपासून आपला मुकादम ते तुम्हीच शेतस ना?"